रूममेटला पीपीओ मिळाला आणि माझी झोप उडाली: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कॉलेजातल्या ताणाबद्दल लिहिलं, त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत, ती म्हणजे बरोबरीच्या पोरापोरींशी चाललेली चढाओढ. म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतलेत. नावं नेहमीसारखी काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी रूममेट आणि मी अकरावीपासून एकत्र आहोत. तिला इंटर्नशिपवरून डायरेक्ट पीपीओ (प्री-प्लेसमेंट ऑफर, म्हणजे इंटर्नशिप केली त्याच कंपनीत नोकरी) मिळाला. मी मिठी मारली, पार्टी मागितली, पण आतून इतकं कसंतरी झालं की रात्री झोपच नाही आली. गंमत म्हणजे वर्गातल्या एका मुलाला तिच्यापेक्षा मोठं पॅकेज लागलंय, त्याचं मला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. आणि सगळ्यात वाईट, परवा एका सिनिअरने मला ऑफ-कॅम्पस ड्राइव्हची (कॉलेजबाहेर होणाऱ्या नोकरभरतीची) लिंक पाठवली, ती मी आमच्या तिसऱ्या रूममेटला पाठवलीच नाही, तिलाही अजून जॉब नाहीये. मी वाईट मुलगी आहे का?

उत्तर: वाईटबिईट काही नाहीस. पण लिंकचं बोलूच आपण, ते मी सोडणार नाहीये.

तुझ्या पत्रातलंच वाक्य धरते. त्या मुलाचं काही वाटलं नाही आणि रूममेटचं वाटलं, आता हे उलटं नको का व्हायला? पॅकेज तर त्याचं मोठं. लिऑन फेस्टिंजर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हे मांडून ठेवलंय, की आपण किती पाण्यात आहोत हे कळायला पक्कं माप हाताशी नसलं की माणूस दुसऱ्या माणसाशी स्वतःला ताडून बघतो, आणि त्यासाठी कुणालाही उचलत नाही, आपल्यासारखाच कुणीतरी बघतो. तुम्ही दोघी अकरावीपासून एकत्र, सीईटीचा पर्सेंटाइल बहुतेक आसपासचाच, ब्रँच एक, मेसचा डबासुद्धा एक. मग तिचं झालं आणि माझं नाही याला 'तिचं वेगळं आहे' असं म्हणून सुटायला जागाच उरत नाही. तो मुलगा तुझ्या हिशोबात मुळात नव्हताच.

याच्या पुढची पायरी अब्राहम टेसरने दाखवली. १९८० च्या एका प्रयोगात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने मित्रांच्या जोड्या बोलावल्या आणि शब्द ओळखायचा खेळ दिला. समोरच्याला क्लू द्यायचा, सोपा द्यायचा की अवघड ते तुम्ही ठरवायचं. ज्यांना सांगितलं की हा नुसता टाइमपास आहे त्यांनी अनोळखी माणसापेक्षा मित्राला सोपे क्लू दिले, म्हणजे आपण सगळे स्वतःबद्दल समजतो तसंच. पण ज्यांना सांगितलं की यातून तुमची महत्त्वाची कुवत कळते, त्यांनी मित्राला जास्त अवघड क्लू दिले आणि अनोळखी माणसाला सोपे! मित्राला हो. थोडक्यात, ज्या गोष्टीवर आपण आपली किंमत टांगून ठेवलीय त्या गोष्टीत जवळचा माणूस पुढे गेला की तो परक्यापेक्षा जास्त टोचतो. तीच रूममेट गाण्याच्या स्पर्धेत पहिली आली असती तर तूच सगळ्या ग्रुप्सवर व्हिडिओ टाकत फिरली असतीस.

आता लिंक. ऑफ-कॅम्पसला हजारो अर्ज पडतात, तिसरीने भरला म्हणून तुझ्या चान्समध्ये काय फरक पडणार होता? शून्य. पण मनाला ते हजार दिसत नाहीत, शेजारच्या कॉटवरची एक दिसते. स्टीफन गार्सिया आणि अविशालोम टोर या दोघांनी २००९ मध्ये हे तपासलंय. विद्यार्थ्यांना एक सोपी क्विझ पटापट सोडवायला दिली, सगळ्यात फास्ट २० टक्क्यांना बक्षीस. काहींना सांगितलं तुम्ही १० जणांत आहात, काहींना सांगितलं १०० जणांत. जिंकायची शक्यता दोन्हीकडे सारखीच आहे ना, तरी १० वाल्यांनी साधारण २९ सेकंदांत संपवली आणि १०० वाल्यांना ३३ लागले. गर्दी वाढली की ईर्षा पातळ होते, मोजके चेहरे समोर असले की घट्ट. हॉस्टेलची रूम म्हणजे तीन चेहरे. गार्सियाच्याच त्याआधीच्या, २००६ च्या कामात आणखी एक दिसलं होतं, की पहिल्या नंबरच्या आसपास किंवा कटऑफच्या रेषेजवळ असलेली माणसं एकमेकांना सहकार्य करायला जास्त का-कू करतात, मधल्या नंबरांवरची तेवढी नाही. प्लेसमेंट सीझन म्हणजे तर रेषाच रेषा, सीजीपीएचा कटऑफ, अॅप्टिट्यूडचा कटऑफ, शॉर्टलिस्ट, वेटलिस्ट. सगळा वर्गच कुठल्या ना कुठल्या रेषेला टेकलेला असतो. तेव्हा तू अचानक बदललीस असं नाही, तू अशा जागी उभी आहेस जिथे भल्याभल्यांचा हात आखडतो.

कारण कळलं म्हणजे माफी मिळाली असं मात्र समजू नकोस. लिंक आज पाठव, डेट गेली असेल तरी पाठव आणि 'अगं उशीर झाला माझ्याकडून' एवढं म्हण, पूर्ण कबुलीजबाब द्यायची गरज नाही. आणि पीपीओवालीशी एकदा बोल. आनंद झालाय आणि हेवापण वाटतोय, दोन्ही खरं आहे असं सरळ सांगता येतं, अकरावीपासूनची मैत्री एवढं ऐकून मोडत नाही. न बोलता माणसं काय करतात तर लांब जातात, जेवायला वेगळ्या वेळी जायचं, रूमवर उशिरा यायचं. टेसरने हेपण नोंदवलंय, टोचणी कमी करायचा हा सगळ्यात सोपा रस्ता म्हणून. सोपा आहे पण फार महाग पडतो गं.

प्रश्न: आमच्या वर्गात पेपरच्या आधी प्रत्येक जण म्हणतो 'माझं काहीच झालं नाहीये रे', आणि रिझल्टला तेच टॉपर. खोटं का बोलतात? डोक्यात जातं.

उत्तर: हा आपला सर्वात जुना राष्ट्रीय खेळ आहे, मनावर घेऊ नकोस. पण त्यातले काही जण खोटं बोलत नसतात, ते खरंच अभ्यास टाळून बसलेले असतात आणि ती जास्त काळजीची गोष्ट.

१९७८ मध्ये बर्गलास आणि जोन्स यांनी कॉलेजच्या मुलांना टेस्ट दिली. काहींच्या टेस्टला मुळात उत्तरंच नव्हती, तरी सगळ्यांना सांगितलं की तुम्ही झकास केलंत. मग दुसऱ्या टेस्टच्या आधी दोन गोळ्यांपैकी एक निवडायला सांगितलं, एक म्हणे डोकं चालवणारी आणि एक डोकं मंद करणारी. ज्यांना आपण पहिल्यांदा कसे पास झालो हे स्वतःलाच कळलं नव्हतं, त्यांच्यातल्या मुलग्यांनी मंद करणारी गोळी जास्त उचलली (मुलींमध्ये हे तसं दिसलं नाही). कारण मग पुढच्या वेळी आपटलो तर दोष गोळीचा, माझ्या डोक्याचा नाही! रात्रभर वेबसिरीज बघून पेपरला येणारा हुशार पोरगा हेच करत असतो. कमी पडले तर 'अभ्यासच केला नव्हता', जास्त पडले तर 'न करता एवढे'. दोन्हीकडून इज्जत सेफ. फक्त इज्जत सेफ ठेवता ठेवता विषय राहतो तो राहतोच. तू स्वतः कितपत वाचलंयस ते खरं सांगायला सुरुवात कर, बघ एकदोघं आपोआप खरं बोलायला लागतील. टॉपर नाही बोलणार बहुतेक.

प्रश्न: नमस्कार मॅडम. माझा मुलगा कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वक्तृत्व, क्विझ, सगळीकडे भाग घेतो. पण दुसरा नंबर आला तरी दोन-दोन दिवस नीट जेवत नाही, परीक्षकांना नावं ठेवतो, जिंकणाऱ्या मुलाचं तोंड बघत नाही. आम्ही घरी कधी मारलं नाही की रागावलो नाही. आम्ही त्याला कायम प्रोत्साहनच दिलं. मग हे कुठून आलं? (एक वडील, सांगली जिल्हा)

उत्तर: काका, दुसऱ्या नंबरचं दुःख एकट्या तुमच्या मुलाचं नाहीये. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधले चेहरे अभ्यासून १९९५ मध्ये काही संशोधकांनी लिहिलं होतं की रौप्यपदक मिळालेले खेळाडू कांस्यवाल्यांपेक्षा कमी खूश दिसत होते. रौप्यवाल्याच्या डोक्यात निसटलेलं सोनं असतं, कांस्यवाल्याच्या डोक्यात निदान हात हलवत परत जायला लागलं नाही हे असतं. त्यामुळे एक संध्याकाळ तोंड पाडून बसला तर बसू द्या.

पण दोन दिवस न जेवणं आणि समोरच्याशी वैर धरणं हे वेगळं. रिचर्ड रिकमन यांनी १९९० च्या दशकात स्पर्धावृत्ती मोजायच्या प्रश्नावल्या केल्या, त्यांत त्यांनी दोन प्रकार वेगळे काढले. एकात काहीही करून जिंकलंच पाहिजे, कारण हरलो तर मी कुणीच नाही, आणि दुसऱ्यात स्पर्धा म्हणजे स्वतःला घासूनपुसून बघायची संधी. पहिल्या प्रकाराचं मूळ कॅरेन हॉर्नाय या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९३७ मध्येच सांगितलं होतं. बाहेरून जो पोरगा फार आक्रमक दिसतो त्याच्या आत बरेचदा स्वतःच्या किमतीबद्दलची धाकधूक असते.

आता जरा नाजूक बोलते, राग मानू नका. प्रोत्साहन कधी दिलंत ते एकदा आठवून बघा. म्हणजे ट्रॉफी घेऊन आला की पाहुण्यांना फोन, व्हॉट्सअॅप स्टेटस, पेढे. आणि रिकाम्या हाताने आला की 'असू दे, पुढच्या वेळी' आणि मग घरात जरा शांतता. यात मार नाही, ओरडा नाही, पण पोराला गणित कळतंच ना. २००४ मध्ये असॉर, रॉथ आणि डेसी यांनी कॉलेजच्या मुलांना याबद्दल विचारलं होतं. ज्यांना वाटत होतं की चांगलं केलं की आईबापाची माया वाढते आणि नाही केलं की आटते, त्यांना यशाचा आनंद फार टिकत नव्हता, हरल्यावर लाज वाटत होती आणि वर आईवडिलांबद्दल मनात अढी होती. तुमच्या घरी असंच आहे असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. पण पुढच्या वेळी तो हरून आला की निकालाचा विषय काढायच्या आधी त्याच्याबरोबर जेवायला बसा, भाषण काय होतं ते म्हणून दाखव म्हणा, आवडलं तर आवडलं म्हणा. आणि ज्या दिवशी कुठलीच स्पर्धा नाही त्या दिवशीसुद्धा त्याला फोन करत जा, हे जास्त महत्त्वाचं.

प्रश्न: लातूर पॅटर्नमधून आलोय, बारावीपर्यंत कायम पहिल्या तिनात. आता मुंबईच्या मोठ्या कॉलेजात आहे आणि इथे मी कुठेच नाही. पोरं सुट्टीत कोडिंगच्या स्पर्धा जिंकून येतात, फाडफाड इंग्लिश बोलतात. मला वाटायला लागलंय मी हुशार नव्हतोच, नुसता घोकत होतो. अभ्यासाला बसलं की छातीत धडधडतं.

उत्तर: तुझी बुद्धी बारावीच्या सुट्टीत कुठे गळून पडली नाही रे. बदलला तो तुझ्या आजूबाजूचा वर्ग. हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून या गोष्टीवर ढीगभर काम केलंय, सारख्याच कुवतीची दोन मुलं घे, एक साध्या शाळेत आणि एक निवडक हुशारांच्या शाळेत, तर निवडक शाळेतल्या मुलाचं स्वतःच्या अभ्यासाबद्दलचं मत खाली गेलेलं असतं. छोट्या तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात आला की छोटा दिसतो, मासा तेवढाच असतो. त्यांनी उदाहरणच हे दिलंय.

आणि तुला हेपण माहितीये की तू कशाशी काय ताडून बघतोयस. पाचवीपासून कॉम्प्युटर हाताळणाऱ्या मुलाच्या आजच्या कोडिंगशी तुझं पहिल्या वर्षाचं कोडिंग. याला स्पर्धा नाही म्हणत, सुरुवातीची रेषाच वेगळी आहे. इंग्लिशचं तर सोड, ते बोलून बोलून येतं आणि दोन सेमिस्टरमध्ये खूप फरक पडतो. तू मागच्या महिन्यात जे प्रॉब्लेम सोडवू शकत नव्हतास आणि आता येतात त्यांची एक वही ठेव, कारण सध्या तुझ्याकडे मोजायला फक्त दुसऱ्यांचे निकाल आहेत, स्वतःचा एकही नाही. घोकंपट्टीचं म्हणशील तर ती सवय खरोखर असेलही थोडी, ती मोडता येते, पण 'मी हुशार नव्हतोच' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

धडधडीचं मात्र अंगावर काढू नकोस. कॉलेजात काउन्सेलर असेल तर भेट, नसेल किंवा ओळखीत बोलायला संकोच वाटत असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीतसुद्धा बोलता येतं. खूप टोकाचे विचार यायला लागले तर थांबू नकोस, त्याच क्षणी फोन कर आणि रूममधल्या कुणाला तरी सांग.

प्रश्न: मी एका स्वायत्त कॉलेजात शिकवतो. आमच्याकडे रिलेटिव्ह ग्रेडिंग (वर्गातल्या बाकीच्यांशी तुलना करून ग्रेड द्यायची पद्धत) आल्यापासून मुलांनी नोट्स देणं-घेणं बंद केलंय, लॅबमधला डेटा लपवतात, ग्रुप प्रोजेक्टमध्येही एकमेकांच्या तक्रारी. नैतिकतेवर दोन लेक्चर्स ठेवली, काही उपयोग झाला नाही. आजची पिढीच स्वार्थी आहे का?

उत्तर: सर, पिढीला कशाला बोल लावता, ग्रेडचा तक्ता बघा ना. तुमच्या वर्गात वरच्या ग्रेड ठरावीक जणांनाच मिळणार असतील तर मी शेजाऱ्याला समजावून सांगितलेला प्रत्येक चॅप्टर म्हणजे माझ्याच पायावर धोंडा. मुलं हिशोबाने वागतायत. आणि तुमची लेक्चर्स एका बाजूला आणि ग्रेड दुसऱ्या बाजूला असल्यावर ती कुणाचं ऐकणार?

मॉर्टन डॉइचने १९४९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास छापलाय, तो तुमच्या स्टाफरूममध्ये वाचायला हवा. मानसशास्त्राच्या वर्गातल्या मुलांचे छोटे गट केले. अर्ध्या गटांना सांगितलं की तुमच्या गटाची तुलना दुसऱ्या गटांशी होईल आणि गटातल्या सगळ्यांना एकच ग्रेड मिळेल. उरलेल्यांना सांगितलं की गटातल्या गटातच तुमचे नंबर लागतील. मुलं तीच, काम तेच. पहिल्यांत बोलणं वाढलं, एकमेकांच्या कल्पना उचलल्या गेल्या, कामाची वाटणी झाली. दुसऱ्यांत कुणी कुणाचं नीट ऐकूनच घेईना.

तुम्हाला पुण्यातलं उदाहरण देते. कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात जाऊन बघा, स्पर्धा केवढी कडक, घोषणांनी छत उडायची वेळ येते, पण एकाच कॉलेजच्या टीममध्ये लाइट्सवाला पोरगा आणि हिरॉइन एकमेकांचे पाय ओढत नाहीत, कारण करंडक येणार तर सगळ्यांचा. (भूमिका वाटताना होतात भांडणं, ते मला माहितीये.) आणि २०२२ मध्ये तिथल्या परीक्षकांनी त्या पातळीचं नाटक नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर खूप वाद झाला, पण मला तो निर्णय तुमच्या प्रश्नासाठी फार कामाचा वाटतो, कारण तिथे माप शेजारच्या कॉलेजचं नव्हतं, नाटकाचं होतं.

तुमच्या हातात काय आहे ते बघा. ग्रेडिंग अख्खं बदलणं अकॅडमिक कौन्सिलचं काम, पण इंटर्नल मार्क तुमचे आहेत. ते ठरलेल्या निकषांवर द्या, एवढं जमलं की एवढे मार्क, मग वर्गातल्या सगळ्यांना पैकीच्या पैकी पडले तरी चालतील. ग्रुप प्रोजेक्टमध्ये एलियट अॅरन्सनची १९७१ ची पद्धत वापरून बघा, अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांमध्ये गोऱ्या-काळ्या मुलांना नव्याने एकत्र बसवल्यावर वर्गातला तणाव कमी करायला काढलेली. विषयाचे तुकडे करायचे, प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा द्यायचा आणि तो त्याने बाकीच्यांना शिकवायचा. शेजाऱ्याकडून ऐकल्याशिवाय तुमचं कामच पुरं होत नाही. 'मग मुलं ढिली पडतील' असं कुणी म्हणेल, तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजचा अनुभव सांगा. त्यांनी पहिल्या दोन वर्षांच्या ग्रेड काढून नुसतं पास-नापास ठेवलं, आणि २००९ मध्ये छापलेल्या आकडेवारीनुसार मुलांची मानसिक अवस्था सुधारली, पुढच्या परीक्षांतली कामगिरी काही घसरली नाही. तक्रारी पूर्ण बंद होतील असं मी म्हणत नाही, ग्रुपमध्ये एक आयतोबा असतोच, त्याच्यासाठी प्रत्येकाच्या तुकड्याला थोडे वेगळे मार्क ठेवा.

प्रश्न: मी एमए करत करत एमपीएससीची तयारी करतेय. अभ्यासिकेत बसलं की भारी अभ्यास होतो, घरी होत नाही. पण अवघड टॉपिक मात्र अभ्यासिकेत डोक्यात शिरत नाही. असं का?

उत्तर: तू जवळजवळ सव्वाशे वर्षांपूर्वीचा प्रश्न विचारलास. नॉर्मन ट्रिपलेटने १८९८ मध्ये लिहिलं होतं की सायकलपटू एकटे असताना हळू आणि सोबतीला कुणी असलं की जोरात जातात. मग त्याने मुलांना मासेमारीची रीळ फिरवायला लावली, एकेकटं आणि जोडीने. सगळे फक्त 'जोडीने वेग वाढला' एवढंच सांगतात, पण ४० मुलांपैकी २० जणांचाच वाढला, १० जणांचा उलट कमी झाला कारण ती फारच उत्तेजित झाली, आणि १० जणांना काही फरक पडला नाही. पुढे १९६५ मध्ये रॉबर्ट झायन्सने सांगितलं की आजूबाजूला माणसं असली की सरावाची, येत असलेली गोष्ट जास्त चांगली होते आणि नवी, अवघड गोष्ट बिघडते. म्हणून प्रश्नसंच, रिव्हिजन, करंट अफेअर्सच्या नोट्स हे सगळं अभ्यासिकेत कर. इकॉनॉमीचा नवीन चॅप्टर पहिल्यांदा वाचायचा तो घरी, दार लावून, आणि शेजारच्या टेबलवरची मुलगी कितवं पान उलटतेय हे जिथे दिसत नाही अशा ठिकाणी.